ओपॅम्पच्या आउटपुटमध्ये करंट येतो कुठून? आदर्श ओपॅम्पचे गणित आणि सिम्युलेशन, पायरीपायरीने

लातूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी ओपॅम्प, म्हणजे ऑपरेशनल अॅम्प्लिफायर ही दोन इनपुटमधील फरक अनेक पट वाढवणारी आयसी, शिकवतो. आदर्श ओपॅम्पच्या इनपुटमध्ये करंट शून्य असतो, हे फळ्यावर लिहून झाल्यावर औसा तालुक्यातून रोज एसटीने येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आत करंट जातच नाही म्हणूलालाव, मग बाहेर येऊलालाय कुठून?” प्रश्न अगदी नेमका होता. याच प्रश्नाचे उत्तर नीट न कळल्यामुळे परीक्षेत आउटपुटच्या नोडवर (तारा एकत्र येतात त्या बिंदूवर) चुकीचे समीकरण लिहिले जाते, सिम्युलेशनमध्ये आलेल्या करंटचे चिन्ह उलटे वाटते आणि संगणकावर बरोबर चाललेले सर्किट ब्रेडबोर्डवर गप्प बसते. म्हणून हा लेख इनपुटविषयी कमी आणि आउटपुटविषयी अधिक बोलणारा आहे.

पाठ्यपुस्तकांत आदर्श ओपॅम्पचे गुण सांगताना इनपुटवर पानभर मजकूर असतो आणि आउटपुटसाठी एकच वाक्य असते: आउटपुट इम्पिडन्स शून्य. या वाक्याचा अर्थ असा, की आउटपुटचे टोक म्हणजे एक नियंत्रित व्होल्टेज स्रोत आहे. त्याचे व्होल्टेज दोन इनपुटमधील फरकाला गेनने, म्हणजे वाढीच्या पटीने, गुणून ठरते आणि त्याच्यातून करंट किती वाहावा हे ओपॅम्प ठरवत नाही, बाहेर जे काही जोडले आहे ते ठरवते. गावातल्या उंच टाकीची कल्पना करावी आणि एक नळ उघडला काय किंवा पन्नास उघडले काय, तिची पातळी तसूभरही खाली येत नाही असे समजावे. किती पाणी वाहील हे नळांवर अवलंबून राहील, पातळी मात्र ठरलेली तीच राहील. आदर्श आउटपुट असे वागते. त्याचा करंट शून्य नसतो, तो फक्त आपल्याला आधी ठाऊक नसतो. ‘शून्य’ आणि ‘अज्ञात’ या दोन शब्दांतली गल्लत हेच बहुतेक चुकांचे मूळ आहे.

एक उदाहरण हाताशी ठेवू

पुढे सगळीकडे हेच सर्किट वापरू. ०.५ व्होल्टचे इनपुट १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून उणे इनपुटला जाते. आउटपुटपासून त्याच उणे इनपुटपर्यंत १०० किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर आहे. अधिक इनपुट ग्राउंडला जोडले आहे आणि आउटपुटवर ग्राउंडकडे २ किलोओहमचा लोड आहे.

पहिली पायरी वहीवरची आहे आणि ती कोणीही गाळू नये. ओपॅम्पचे चिन्ह असलेल्या त्रिकोणाच्या आत, आउटपुटचे टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये व्होल्टेज स्रोताचे चिन्ह प्रत्यक्ष काढावे. त्रिकोणाला तीनच टोके दिसतात, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की दोन टोकांतून शून्य करंट आत गेला तर तिसऱ्यातूनही शून्यच बाहेर यायला हवा. किरखॉफचा नियम तो बरोबर वापरत असतो, पण अपुऱ्या चित्रावर. आतला स्रोत काढला की त्याचे दुसरे टोक ग्राउंडला गेलेले दिसते आणि करंटला वाट सापडते. खऱ्या आयसीमध्ये ही वाट पॉवर सप्लायच्या दोन पायांतून जाते. आउटपुट करंट बाहेर देत असेल तर तो अधिक सप्लायच्या पायातून येतो, आत ओढत असेल तर उणे सप्लायच्या पायातून निघून जातो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, पण ते चित्र काढल्याशिवाय पटत नाही.

दुसऱ्या पायरीत फीडबॅक कोणत्या इनपुटला जातो ते पाहावे. येथे तो उणे इनपुटला जातो, म्हणून दोन्ही इनपुट समान व्होल्टेजवर राहतील असे गृहीत धरता येते. ही पायरी दिसते क्षुल्लक, पण तिचा हिशेब पुढे येणार आहे.

तिसऱ्या पायरीत फक्त उणे इनपुटच्या नोडवर करंटचे समीकरण लिहावे. अधिक इनपुट ग्राउंडला असल्यामुळे तो नोडही शून्य व्होल्टवर आहे (यालाच व्हर्च्युअल ग्राउंड म्हणतात), म्हणून १० किलोओहममधून ०.५ भागिले १० म्हणजे ०.०५ मिलिअँपिअर आत येतो. इनपुटमध्ये काही जात नाही, तेव्हा हा सगळा करंट १०० किलोओहममधून आउटपुटकडे जातो आणि जाताना ५ व्होल्टचा ड्रॉप करतो. आउटपुट उणे ५ व्होल्ट. लोडचा उल्लेख या समीकरणात कुठेही आला नाही, याची नोंद घ्यावी.

चौथ्या पायरीत आउटपुटच्या नोडकडे वळावे, तेही व्होल्टेज काढण्यासाठी नव्हे. व्होल्टेज आधीच मिळाले आहे, आता करंट काढायचा आहे. आउटपुट उणे ५ व्होल्टवर असल्यामुळे लोडमधून २.५ मिलिअँपिअर ग्राउंडकडून आउटपुटकडे वाहतो. फीडबॅकमधून ०.०५ मिलिअँपिअर तिकडेच येतो. दोन्ही मिळून २.५५ मिलिअँपिअर ओपॅम्पच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि उणे सप्लायच्या पायाने बाहेर पडतो.

आता चुकीची वाटही एकदा चालून पाहावी, म्हणजे ती का बंद आहे ते कळेल. समजा, आउटपुटचा करंट शून्य धरला. मग फीडबॅकमधून आलेला ०.०५ मिलिअँपिअर जाणार कुठे? लोडमध्येच. २ किलोओहममध्ये त्याने अधिक ०.१ व्होल्ट निर्माण होतात. पण उणे इनपुट शून्यावर धरून फीडबॅकच्या बाजूने मोजले तर तोच नोड उणे ५ व्होल्टवर आहे. एकाच नोडची दोन उत्तरे आली. असा विरोध वहीत दिसला, की आउटपुटच्या नोडवर कुठेतरी एक करंट लिहायचा राहून गेला आहे, हे ओळखावे.

सिम्युलेटर हेच कसे करतो

सिम्युलेटरलाही नेमकी हीच अडचण होती. नोडवर करंटची समीकरणे मांडण्याच्या साध्या पद्धतीत प्रत्येक घटकाचा करंट त्याच्या व्होल्टेजवरून काढता यावा लागतो, आणि आदर्श व्होल्टेज स्रोताचा करंट तसा काढताच येत नाही. १९७५ मध्ये हो, रुएली आणि ब्रेनन यांनी मांडलेल्या सुधारित नोडल पद्धतीत या स्रोताचा करंट आणखी एक अज्ञात म्हणून घेतला जातो आणि त्याच्या मोबदल्यात स्रोताच्या व्होल्टेजचे एक समीकरण वाढवले जाते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जन्मलेल्या स्पाइस या सर्किट-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही पद्धत रुळली. आपण वहीत चौथ्या पायरीला जे केले, तेच संगणक मॅट्रिक्सच्या एका जादा ओळीत करतो. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते, कारण आपल्या मुलांना वाटणारी अडचण खरी होती आणि तिच्यावर अभ्यासकांना स्वतंत्र निबंध लिहावा लागला, हे त्यातून कळते.

स्पाइसमध्ये आदर्श ओपॅम्प करायचा तर ‘ई’ अक्षराने सुरू होणारा व्होल्टेज-नियंत्रित व्होल्टेज स्रोत वापरावा. त्याच्या ओळीत आधी आउटपुटचा नोड आणि ग्राउंड, मग अधिक इनपुट, मग उणे इनपुट आणि शेवटी गेन, या क्रमाने लिहावे. गेन १ लाख ते १० लाखांच्या दरम्यान ठेवावा. ‘आदर्श म्हणजे अनंत’ म्हणून एकापुढे पंधरा शून्ये टाकण्याचा मोह आवरावा, कारण संगणक साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक आकडेमोड करतो आणि इतक्या मोठ्या गेनमुळे मॅट्रिक्स बिघडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. आपल्या सर्किटमध्ये गेन २ लाख धरला, तर आउटपुट उणे ४.९९९७२५ व्होल्ट येते आणि उणे इनपुटवर २५ मायक्रोव्होल्ट दिसतात. गेन मुद्दाम १००० करून पाहावा. आउटपुट उणे ४.९४६ च्या आसपास येईल आणि उणे इनपुट जवळपास ५ मिलिव्होल्टवर जाईल. व्हर्च्युअल ग्राउंड म्हणजे जादू नाही, मोठ्या गेनने लहान करून टाकलेला फरक आहे, हे एवढ्या एका बदलाने डोळ्यांना दिसते.

करंटच्या चिन्हाचा गोंधळ इथेच मिटवावा. स्पाइसमध्ये स्रोताच्या अधिक टोकातून आत जाणारा करंट धन मानतात. आपल्या उदाहरणात करंट आउटपुटमध्ये शिरतो, म्हणून ई स्रोताचा करंट अधिक २.५५ मिलिअँपिअर दाखवला जाईल. आउटपुट लोडला करंट देत असेल, तेव्हा हाच आकडा उणे दिसेल. उणे चिन्ह पाहून तारा उलट्या करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तारा बरोबर असतात, वाचन चुकलेले असते.

आणखी दोन अडचणी प्रयोगशाळेत हमखास येतात. इनपुटचा नोड फक्त कपॅसिटरला जोडला असेल तर त्याला डीसीची वाट उरत नाही आणि प्रोग्रॅम सिंग्युलर मॅट्रिक्सची, म्हणजे समीकरणांना एकच ठरावीक उत्तर नसल्याची, तक्रार करतो. खऱ्या आयसीलाही इनपुटच्या अगदी लहान करंटसाठी, म्हणजे बायस करंटसाठी, तशी वाट लागते, म्हणून तिथे रेझिस्टर टाकणे हा खरा उपाय आहे. दुसरे म्हणजे दोन आदर्श आउटपुट एकमेकांना थेट जोडू नयेत. एकाच नोडचे व्होल्टेज दोन स्रोत दोन प्रकारे सांगू लागले तर कोणतेही उत्तर शक्य नाही.

इनपुट उलटे जोडले तरी उत्तर तेच?

हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करून पाहावा असे मला मनापासून वाटते. त्याच सर्किटमध्ये ई स्रोताची अधिक आणि उणे इनपुटे अदलाबदल करावीत आणि डीसी उत्तर मागावे. फीडबॅक आता अधिक इनपुटला जातो, म्हणजे हे अॅम्प्लिफायर उरलेले नाही. तरीही सिम्युलेटर शांतपणे उणे ५.०००२७५ व्होल्ट असे उत्तर देतो. आधीचे उत्तर ५ पेक्षा किंचित कमी होते, हे किंचित जास्त आहे, एवढाच फरक. दोन दशांशांपर्यंत पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही.

सिम्युलेटर खोटे बोललेला नाही. त्याला एक समीकरण दिले होते आणि त्याने ते सोडवले. गेन हा केवळ एक आकडा असेल, तर त्या समीकरणात काळ कुठेच नाही आणि काळ नसेल तर उत्तर टिकाऊ आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. टेकडीच्या टोकावर ठेवलेला चेंडूही गणिताने समतोलात असतो.

टिकाऊपणा तपासायचा तर ओपॅम्पला थोडी मंद गती द्यावी लागते. २ लाख गेनच्या ई स्रोतानंतर १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे ३१.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि त्यापुढे १ गेनचा दुसरा ई स्रोत ठेवावा. यामुळे ५ हर्ट्झपासून गेन उतरू लागतो आणि १ मेगाहर्ट्झला तो १ वर येतो, म्हणजे जवळपास ७४१ या ओपॅम्प आयसीसारखी चाल मिळते. आता डीसीऐवजी ट्रान्झिएंट, म्हणजे काळानुसार होणारा बदल दाखवणारे, विश्लेषण लावावे आणि आरंभीचे डीसी उत्तर वगळून कपॅसिटर शून्य व्होल्टपासून सुरू करावा. हे वगळणे महत्त्वाचे आहे, अन्यथा प्रोग्रॅम चेंडू नेमका टेकडीच्या टोकावर ठेवूनच सुरुवात करील.

बरोबर जोडणीत आउटपुट सुमारे १० मायक्रोसेकंदांत उणे ५ वर येऊन स्थिरावते. उलट्या जोडणीत ते शून्यापासून वरच्या दिशेने, म्हणजे उणे ५ पासून दूर पळते आणि हे अंतर दर १.७५ मायक्रोसेकंदांना २.७ पट होते. १०० मायक्रोसेकंदांनंतर व्होल्टेजच्या आकड्यामागे पंचवीसच्या आसपास शून्ये लागलेली दिसतात, कारण आपण या ओपॅम्पला सप्लाय दिलेला नाही आणि त्यामुळे त्याला थांबायला जागाच नाही. आउटपुटला अधिक-उणे १३ व्होल्टची मर्यादा घातली की ते १३ वर जाऊन बसते. तिथे अधिक इनपुटवर १.६४ व्होल्ट असतात, म्हणून ते तिथेच टिकते. सुरुवात उणे १३ पासून केली तर त्या इनपुटवर उणे ०.७३ व्होल्ट येतात आणि आउटपुट खालीच टिकते. एकाच इनपुटला दोन टिकाऊ उत्तरे असलेले हे सर्किट म्हणजे श्मिट ट्रिगर. दुसऱ्या पायरीत फीडबॅकची दिशा आधी का पाहायची, याचे उत्तर इथे आहे.

आदर्शपणा कुठवर मानावा

शून्य आउटपुट इम्पिडन्स हे गृहीतक लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच चांगले आहे. ७४१ चा आतला आउटपुट रेझिस्टन्स ७५ ओहम आहे, पण आपल्या सर्किटमध्ये फीडबॅकमुळे तो डीसीला ४ मिलिओहमच्या आसपास उतरतो. १० किलोहर्ट्झला मात्र गेन १०० वर आलेला असतो आणि तोच रेझिस्टन्स ८ ओहमच्या घरात जातो. स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकते, तोही लक्षात ठेवावा. ७४१ चा तो मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट आहे, म्हणून १० व्होल्ट शिखराची साइन वेव्ह ८ किलोहर्ट्झच्या पुढे तिरकी होऊ लागते.

करंटची मर्यादा अधिक कडक आहे. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी रचलेल्या ७४१ मध्ये आउटपुट शॉर्ट झाले तरी करंट साधारण २५ मिलिअँपिअरला अडवणारी व्यवस्था आतच आहे. २ किलोओहमऐवजी १०० ओहमचा लोड लावला तर आदर्श गणित ५० मिलिअँपिअर मागेल आणि सिम्युलेटर ते देईलही, पण आयसी देणार नाही. म्हणूनच चौथ्या पायरीत काढलेला आउटपुट करंट डेटाशीटमधील आकड्याशी ताडून पाहणे हा हिशेबाचाच भाग समजावा.

ब्रेडबोर्डवर काय दिसले

वर उल्लेखलेल्या विद्यार्थ्याचा प्रकल्प शेतातील ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह सुरू करण्याचा होता. संवेदकातून ०.५ व्होल्ट येत होते, ते त्याला दहापट करायचे होते. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेतून आणलेली एलएम ३५८ ही ओपॅम्पची आयसी, शेतात लाइटचा भरवसा नाही म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि पुस्तकातले तेच सर्किट. संगणकावर उणे ५ आले होते. मल्टिमीटरवर आले ०.००.

त्याने आयसी बदलली, दुसरी लावली, पुन्हा शून्यच. मी त्याला मीटरची टोके आउटपुटवरून काढून २ क्रमांकाच्या पायावर, म्हणजे उणे इनपुटवर ठेवायला सांगितली. तिथे ०.४५ व्होल्ट होते. हा आकडा सगळे सांगून जातो. व्हर्च्युअल ग्राउंड असते तर तिथे शून्य दिसायला हवे होते. बॅटरीला उणे बाजूच नाही, म्हणून आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नाही, ते तळाला टेकून बसते आणि मग १० व १०० किलोओहमचे ते दोन रेझिस्टर साधे डिव्हायडर बनतात: ०.५ गुणिले १०० भागिले ११०, बरोबर ०.४५. आउटपुट सॅच्युरेशनमध्ये गेले, म्हणजे सप्लायच्या मर्यादेला टेकले, की ‘दोन्ही इनपुट समान’ हा नियम संपतो. आयसी खराब आहे असे म्हणण्याआधी दोन्ही इनपुटमधील फरक मोजावा, असे मी तेव्हापासून सगळ्यांनाच सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याने कुठेतरी वाचून ३ क्रमांकाच्या पायाला दोन सारखे रेझिस्टर लावून ६ व्होल्ट दिले. विचार चांगला होता, पण संवेदक ग्राउंडच्याच संदर्भाने ०.५ व्होल्ट देत होता. अधिक इनपुटवरच्या ६ व्होल्टना ११ पट गेन मिळतो, म्हणजे ६६, आणि त्यातून ५ वजा. ई स्रोताचे सर्किट संगणकावर लावल्यावर पडद्यावर ६१ व्होल्ट आले आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६१ कसे, असे त्याने स्वतःहूनच विचारले. प्रत्यक्षात एलएम ३५८ चे आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंतच चढते, म्हणून मीटरवर १०.५ च्या जवळपास आकडा होता. २ क्रमांकाच्या पायावर १.४ आणि ३ क्रमांकाच्या पायावर ६ व्होल्ट, पुन्हा तोच पुरावा.

इन्व्हर्टिंग, म्हणजे चिन्ह उलटवणाऱ्या, जोडणीचा त्याला मुळात उपयोगच नव्हता. संवेदक थेट ३ क्रमांकाच्या पायाला लावला आणि १० किलोओहमचे मोकळे टोक ग्राउंडला नेले. आता गेन ११, आउटपुट ५.५ व्होल्ट, म्हणजे ० आणि १०.५ च्या मधोमध. संवेदकावर पडणारा १० किलोओहमचा भारही गेला. वहीत त्याने चौथी पायरी न सांगता लिहिली: लोडमध्ये २.७५ मिलिअँपिअर, फीडबॅकच्या साखळीत ०.०५, एकूण २.८० मिलिअँपिअर बाहेर. सिम्युलेटरने ई स्रोतासाठी उणे २.८० दाखवले, तेव्हा त्याने तारांना हात लावला नाही. मीटर आधी २ आणि ३ क्रमांकाच्या पायांमध्ये ठेवले, तिथे काही मिलिव्होल्ट दिसले, आणि मगच टोके आउटपुटवर नेली.